जतकडचा माणूस

दादासो पुकळ्याला बोरमाळात ‘लांडग्याचा वकील’ म्हणत. तोंडावरच म्हणत, त्यामुळं पाठीमागं काय म्हणतात याचा घोर तरी त्याला नव्हता. साताऱ्याची हद्द जिथं संपते आणि सांगलीची सुरू होते, तिथल्या कुसळांच्या माळावर हे गाव. विद्यापीठाच्या डॉक्टर राजेश्वरी मॅडम या माळावरच्या लांडग्यांचा अभ्यास करायला आल्या, तेव्हा त्यांना वाट दाखवायला गावातला एक धनगर हवा होता. चालती माणसं सगळी मेंढरांमागं गेलेली. दादासोचा डावा पाय लहानपणी मोडलेला, आणि ज्यानं बांधला त्यानं तो असा काही बांधला की पाऊल टाकताना पाय आधी बाहेर फेकावा लागे आणि मग जमिनीवर आणावा लागे. कळप बायको बनाबाई आणि पुतण्या अमृत सांभाळत, दादासो घरी. मॅडमना रिकामा तोच सापडला. चालता येत नाही म्हणून घरी बसलेल्या माणसाला रोज चालायचं काम मिळालं. देव कुणाची थट्टा करायला बसला की अशी करतो.

काम तरी कसलं! लांडग्याची विष्ठा पिशवीत गोळा करायची, बाभळीच्या खोडांना कॅमेरे बांधायचे. समोरून काही हललं की तो कॅमेरा आपोआप चित्र धरी. पिशव्या घेऊन दादासो निघाला की पोरंटोरं नाक धरून त्याच्या मागनं चालत. तेही एकवेळ परवडलं. पण मॅडमचं एक तत्त्व होतं. ज्यांच्या माळावर अभ्यास केला, त्यांना तो आधी सांगायचा, बाहेर छापायचा तो मागाहून. तत्त्व मॅडमचं आणि ओझं दादासोचं. प्रोजेक्टर खांद्याला, पडदा काखेत, आणि घरोघरी हाळी: “या बरं का, शाळंत मॅडम बोलनार हायती.” कुणी विचारी, “पोहं हायत का?” कुणी विचारी, “मेलेल्या मेंढराची भरपाई मिळनार का?” भरपाई वनखात्याकडं, आपण विद्यापीठाची माणसं, असं मॅडम प्रत्येक गावात न कंटाळता सांगत. “मग तुमी आलाय कशाला?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्याला मॅडम उत्तर देत, मॅडमचं पुस्तकी उत्तर गावाच्या बोलीत दादासो सांगे, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत असं झालं की ते सांगताना त्याचं त्यालाच नीट पटेनासं झालं. माणूस थकतो तो चालण्यानं कमी, तेच तेच सांगण्यानं जास्त.

वाईट नव्हत्या मॅडम. घसा बसलेला असला तरी बोलत, गाडी बंद पडली तर एसटीनं येत, त्याला ‘काका’ म्हणत आणि बनाबाईच्या हातची बाजरीची भाकरी मोडून खात. खोटं मात्र एका अक्षराचं खपत नसे. पाऊलखूण कुत्र्याची की लांडग्याची हे सांगता आलं नाही, तर ‘माहीत नाही’ असं लिहून मोकळ्या होत. दादासोला या गोष्टीचा फार आदर वाटे, आणि थोडी भीतीही.

बोरमाळच्या जुन्या माणसांत लांडग्याचं नाव घेत नाहीत. मेंढरांच्या वाडग्यातलं कोकरू उचलून नेलं तर म्हणतात, “भाऊ येऊन गेला.” मूळ वाटणीत थोरल्या भावांनी, म्हणजे धनगरांनी, धाकट्याला फसवलं, मेंढरं सगळी आपण ठेवली, म्हणून तो आपला हिस्सा मागायला येतो, असं त्यांचं म्हणणं. गावातला म्हातारा नानासो तर कोकरू गेलं की हात जोडी आणि “पोचलं रं बाबा,” म्हणे. नव्या पोरांना हे नातं मान्य नव्हतं. अमृतला तर मुळीच नव्हतं. त्यानं आई मेलेलं एक कोकरू बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ते त्याच्या मागं मागं एसटीच्या थांब्यापर्यंत यायचं. माघ संपता संपता भाऊ येऊन गेला आणि ते घेऊन गेला. त्या दिवसापासून अमृत चुलत्याशी बोलताना दुसरीकडं बघून बोले.

आणि अशात मॅडमनी बोरमाळच्या शाळेत कार्यक्रम ठरवला.

दुपारची वेळ, पडद्यावर चित्र दिसायचं तर अंधार पाहिजे. दादासोनं घराघरातनं घोंगड्या मागून आणल्या आणि खिडक्यांवर टांगल्या. खोली भरली. पुढं बायका, मध्ये नानासो आणि त्याच्या वयाची मंडळी, पाठीमागं भिंतीला टेकून हाताची घडी घातलेला अमृत. मॅडमनी विष्ठेत सापडलेले केस दाखवले, सशाचे किती, उंदरांचे किती, मेंढरांचे किती. “बगा, मॅडमनी घान सुदीक गाळून घेतली,” पुढची एक बाई म्हणाली आणि सगळे हसले, मॅडमही हसल्या. मग त्या म्हणाल्या, “मादी पिलांच्या बाबतीत फार सावध असते. बिळाला माणसाचा वास लागला की ती पिलं तोंडात धरून दुसरीकडं नेते. म्हणून बीळ दिसलं तरी जवळ जाऊ नका.”

दादासोनं सांगितलं, “मॅडमचं म्हननं असं की तिला मानसाची घान येती. आपल्याला तिची न्हाई, तिला आपली.”

पुन्हा हशा. हशातच मॅडमनी पुढचं चित्र लावलं.

बिळाच्या तोंडाशी लोळणारी पिलं. कान अजून नीट उभे न राहिलेली, एक दुसऱ्याच्या पाठीवर चढलेलं. “आगं बया!” बायका म्हणाल्या. जागा कळू नये म्हणून मॅडमनी नकाशा मुद्दाम गाळला होता, गावाचं नाव, ओढ्याचं नाव, काहीच ठेवलं नव्हतं. पण पिलांच्या मागं एक खडक होता, पाठीत वाकलेला.

कुबड्या धोंडा. बोरमाळातलं पाच वर्षांचं पोर तो ओळखतं. त्याच्या सावलीत बसून या खोलीतल्या प्रत्येकानं कधी ना कधी भाकरी खाल्ली होती. शहरातल्या माणसाला माळ म्हणजे सगळा सारखा. दगड काढून टाकायचा असतो हे मॅडमना सुचणार कुठून? आणि दादासोनं हे चित्र कॅमेऱ्याच्या टीचभर काचेवर बघितलं होतं, तिथं पिलंच दिसत होती.

हशा थांबला. दादासोनं मागं बघितलं. अमृतनं हाताची घडी सोडली होती.

दादासो मोठ्यानं म्हणाला, “ह्यो फोटू जतकडचा हाय.”

जत तिथून लांब, सांगलीच्या पार दुसऱ्या टोकाला. खोलीत कुणालाही ते खरं वाटलं नाही. पण नानासोनं डोक्यावरचा पटका सारखा केला आणि मान हलवली. “व्हय. जतकडचाच. तिकडं असलं धोंडं लय.”

“जतकडचाच,” आणखी एक म्हातारा म्हणाला. गावात एखादी गोष्ट मिटवायची असली की अशीच मिटवतात, सगळ्यांना ठाऊक असलेल्या खोट्यावर सगळ्यांनी मिळून बसायचं. आणखी दोघं बोलले असते तर पोरांनाही गप्प बसावं लागलं असतं.

“नाही, नाही, काका!” मॅडम कौतुकानं म्हणाल्या. “तुमचा गैरसमज झालाय. ही पिलं इथलीच, तुमच्याच माळावरची. तुम्हीच तर कॅमेरा बांधलात!”

कार्यक्रम संपल्यावर त्या खुशीत होत्या. “आज लोक किती शांतपणे ऐकत होते,” म्हणाल्या. दादासो घोंगड्या उतरवत होता. सांगावं का? सांगितलं तर मॅडम त्याच पावली वनखात्याला फोन लावणार, शिपाई येणार, आणि माळावर सापडणार तो अमृत. घरचं पोर कोर्टाच्या पायऱ्या चढणार. नाही सांगितलं तर सकाळपर्यंत पिलं संपली. त्याला एकाएकी इतकं थकल्यासारखं झालं की घोंगडी हातात घेऊन तो बाकावर बसूनच राहिला. मॅडमनी विचारलं, “पाय दुखतोय का?” तो म्हणाला, “व्हय.” ते खोटं नव्हतं.

घरी आला तर अमृत चुलीपाशी उभा. “काकी, वाळल्या मिरच्या दे पसाभर.”

मिरच्या कशाला लागतात हे बनाबाईला माहीत होतं. बिळाच्या तोंडाशी मिरच्यांचा धूर करायचा, वर दगड रचायचे, की झालं. डब्याला पाठ लावून ती म्हणाली, “सपल्यात.”

“सपल्यात?” अमृतनं गच्च भरलेल्या डब्याकडं बघितलं. “ऱ्हाऊ दे. दुसरीकडनं आनतो. सकाळीच जायाचं हाय आमाला.” चुलत्याकडं न बघता तो निघून गेला.

बनाबाई नवऱ्याला म्हणाली, “आवं, तुमची मॅडम शानी हाय का येडी?”

“शानी हाय,” दादासो म्हणाला, “पर खरं बोलती.” दोरीवरची घोंगडी घेतली, तिची खोळ करून डोक्यावर ओढली आणि तो बाहेर पडला.

दिवस अजून वर होता. ज्या वाटेनं तो मॅडमला घेऊन शंभरदा गेला होता, तीच वाट. दर पावलाला पाय बाहेर फेकायचा, आत आणायचा. मॅडमनी जे करू नका म्हणून सगळ्या गावाला सांगितलं होतं, नेमकं तेच करायला तो चालला होता. कुबड्या धोंड्यापाशी पोचला तेव्हा अंग घामानं भिजलं होतं. बरंच झालं, घामाचंच काम होतं.

समोरच्या बाभळीला त्यानंच बांधलेला कॅमेरा. बंद करायला हात पुढं गेला, आणि थांबला. तीन वर्षं त्यानं वाड्यावस्त्यांवर सांगितलं होतं, मानूस खोटं बोलंल, ह्ये यंत्र बोलत न्हाई. ते त्याच्या भरवशावर माळावर ठेवलेलं. त्याला हात लावणं त्याला चोरीसारखं वाटलं. तोंड झाकलंय तेवढं पुरे, असं म्हणून त्यानं खोळ आणखी खाली ओढली.

मग घोंगडीच्या आतनं बंडी काढली आणि बिळाच्या तोंडाशी पसरली. थोडा वेळ तिथंच टेकला, वास मुरावा म्हणून. आतून बारीक कुईकुई आली. लाज वाटली त्याला. बाळंतिणीच्या खोलीत परका बाप्या शिरावा तसं वाटलं.

“भावा,” तो बिळाकडं बघून हळूच म्हणाला, “ऊठ आता. बिऱ्हाड हलीव.”

दुसऱ्या दिवशी अमृत आणि त्याची दोस्तमंडळी मिरच्या, गोवऱ्या घेऊन गेली आणि तशीच परत आली. बीळ रिकामं होतं. दोन दिवसांनी नानासो दादासोच्या दारात आला आणि घडी केलेली बंडी पुढं धरली.

“माळावं घावली पोरास्नी. धुऊन आनलीय,” तो म्हणाला. “लय घाम येतो रं तुला, दादबा.” एवढंच बोलून काठी टेकत गेला. म्हणजे गावाला कळलं होतं. कुणी काही बोललं नाही, पण अमृत जो बोलायचा थांबला तो थांबलाच. एका चुलीवरचं जेवायचा, एका वाडग्यात राबायचा आणि काय हवं-नको ते काकीला सांगायचा.

मॅडम आल्या त्या रिकामं बीळ बघून मटकन खाली बसल्या. दोन वर्षं या एका मादीवर घालवली होती त्यांनी. पिलं जगतात किती, मरतात किती, कशानं, ते सगळं आता अर्ध्यात राहिलं. “कुणीतरी येऊन गेलंय काका,” त्या म्हणाल्या. डोळे भरले होते. दादासोनं पाण्याची बाटली पुढं केली. तोंड उघडलं असतं तर सगळं बाहेर पडलं असतं, म्हणून उघडलं नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून त्यांनी पिशवीत घातलं, तेही त्यानं बघितलं.

पिलं वाचली का, हे कळायला मात्र फार दिवस लागले नाहीत. डोंगराच्या पलीकडून, आटपाडीच्या अंगाच्या एका मेंढक्याचा फोन आला. आधी दोन शिव्या, मग म्हणाला, “वकीलसायेब, तुमचं अशील पोरंबाळं घेऊन आमच्यात ऱ्हायला आलंय. परवा कोकरू नेलं!” दादासोनं शिव्या निमूट ऐकल्या. फोन ठेवून बनाबाईला म्हणाला, “हायती.” ती भाकरी थापत होती. “बरं झालं,” म्हणाली, आणि थोड्या वेळानं, “त्येंचं कोकरू गेलं त्ये वाईट झालं.” दोन्ही खरं होतं.

वर्ष उलटलं आणि मॅडमनी पुन्हा बोरमाळात कार्यक्रम लावला. पुन्हा हाळी, पुन्हा पोहे, पुन्हा घोंगड्या. दादासोचा पाय आता गार वाऱ्यालाही ठणकत होता. माणसं तीच, जागा त्याच. अमृत पाठीमागं भिंतीला.

“मागच्या वर्षी एक दुःखद गोष्ट घडली,” मॅडम म्हणाल्या. “मादी बीळ सोडून गेली. का गेली ते कॅमेऱ्यानं टिपलंय. माणूस कोण ते आम्हाला शोधायचं नाही. कुणाची बदनामी नको, म्हणून विद्यार्थ्यांकडून चेहराही पुसट करून घेतलाय, मीही हे आज पहिल्यांदाच बघतेय. पण असं झालं की काय होतं ते तुम्हाला कळावं.”

पडद्यावर कुबड्या धोंडा आला. त्याच्याकडं एक माणूस चालला होता. डोक्यावर घोंगडीची खोळ, चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. डावा पाय बाहेर फेकी, आत आणी, बाहेर फेकी, आत आणी. चित्र संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होतं.

मेंढरू चालीवरनं ओळखावं, हे दादासोला बापानं शिकवलं होतं. आपलीही चाल असते हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता मॅडमला कळणार. काम जाईल ते जाईल, पण ‘काका’ म्हणणारं ते माणूस आता आपल्याकडं कसं बघेल, याचंच त्याला भ्या वाटलं.

तेवढ्यात खिडकीवरची एक घोंगडी घसरली आणि पडद्यावर ऊन पडलं.

“काका, जरा ती घोंगडी लावता?” मॅडम म्हणाल्या.

खोली या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची होती. दुसरं कुणी उठेल म्हणून तो क्षणभर थांबला, पण कुणाला सुचलंच नाही. मग तो उठला. पडद्यावर तो माणूस चालत होता, आणि पडद्यासमोरून दादासो. पाय बाहेर, पाय आत. सगळं गाव एकदा इकडं बघत होतं, एकदा तिकडं. घोंगडी लावून तो तिथंच खिडकीला टेकून उभा राहिला. परत चालत यायचं बळ नव्हतं त्याच्यात.

“जतकडचा दिसतोय त्यो मानूस,” पाठीमागून कुणीतरी म्हणालं.

अमृतचा आवाज होता. दादासोनं बघितलं. वर्षानं पहिल्यांदाच पोरगं सरळ त्याच्याकडं बघत होतं.

“व्हय,” नानासोनं पटका सारखा केला. “जतकडचाच. तिकडं असल्या चालीची मानसं लय.”

“जतकडचाच,” बायकांतून आवाज आला. सगळ्या मिळून बोलल्या.

“नाही हो,” मॅडम म्हणाल्या, “हा तर इथलाच कुणीतरी...” आणि थांबल्या. त्यांनी पडद्याकडं बघितलं. खिडकीपाशी एक पाय बाहेर टाकून उभ्या असलेल्या दादासोकडं बघितलं. मग त्यांनी बटण दाबलं आणि पुढचं चित्र लावलं. ते सशाचं होतं.

माणसं गेली. अमृतनं प्रोजेक्टर उचलून गाडीत नेऊन ठेवला. दादासो घोंगड्यांच्या घड्या घालत होता, मॅडम पडदा गुंडाळत होत्या.

“मला सांगायचं होतंत, काका,” शेवटी मॅडम म्हणाल्या. रागानं नाही, दमलेल्या आवाजात. “माझी दोन वर्षं गेली.”

“सांगितलं असतं, तर तुमी लिवलं असतं.”

मॅडमनी पडद्याची दोरी बांधली. गाठ सुटली, पुन्हा बांधली.

“हो,” त्या म्हणाल्या. “लिहिलं असतं.”

मग दोघांनी मिळून घोंगड्या उचलल्या आणि त्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवायला निघाले. दादासोला चालायला वेळ लागत होता, म्हणून मॅडमही हळू चालल्या.